बहात्तराव्या वर्षी बहरलेली बाग

सत्तरी ओलांडलेल्या माणसाकडून जग फारशी अपेक्षा ठेवत नाही. त्याने देवाचे नाव घ्यावे, नातवंडांना गोष्टी सांगाव्यात आणि प्रकृतीला जपावे, एवढेच त्याच्या वाट्याला ठेवलेले असते. परंतु अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एक बाई अशी होऊन गेली की, जिने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाला हात घातला तोच मुळी वयाच्या बहात्तराव्या वर्षी. आणि नुसता हात घातला नाही, तर पुढची दहा वर्षे ते काम नेटाने चालवून मागे ९८५ चित्रांची एक बाग ठेवली. ही बाग मातीत रुजलेली नाही, तिला पाणी लागत नाही आणि तिच्यातले एकही फूल कोमेजत नाही. कारण ती सगळी कागदाची आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ती जतन करून ठेवलेली आहे. ती फुलवणाऱ्या बाईचे नाव मेरी डिलेनी.

या बाईंच्या चरित्राकडे मी वळले ती एका वेगळ्याच वाटेने. मी मातीची फुले करते. भट्टीत न घालता नुसत्या हवेवर वाळणारी माती हल्ली बाजारात मिळते. तिचा छोटा गोळा तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबत दाबत पातळ केला की पाकळी होते. खऱ्या पानाच्या पाठीवर माती दाबली की शिरा उमटतात. तारेवर एकेक पाकळी बसवून, एक दिवस वाळू देऊन, मग रंग द्यायचा. काम सोपे दिसते, पण दोन तास कसे गेले ते कळत नाही. आणि असे काही करत बसले की कोणीतरी जाणारे-येणारे हमखास विचारते की, याचा उपयोग काय? फूल तर बागेत फुकट मिळते. शिवाय हा पडला बायकांचा रिकामपणाचा उद्योग. याला कला तरी कसे म्हणावे आणि ज्ञान तरी कसे म्हणावे?

प्रश्न चेष्टेने विचारला तरी तो खोटा नाही. त्याचे उत्तर मला पुस्तकी चर्चेत सापडले नाही; ते मेरी डिलेनी यांच्या आयुष्यात सापडले. म्हणून ते आयुष्य आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

मेरी ग्रॅनव्हिल हिचा जन्म १४ मे १७०० रोजी इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात कूलस्टन या गावी झाला. घराणे मोठे, पण वडील धाकट्या पातीचे. म्हणजे नाव मोठे आणि मिळकत बेताची. तिने पुढे राणीच्या दरबारात सखी म्हणून राहावे, या हेतूने तिला लहानपणीच लंडनला आत्याकडे ठेवण्यात आले. दरबारी रीतभात, नृत्य, वाद्य, भरतकाम, फ्रेंच भाषा असे तिचे शिक्षण सुरू झाले. ती दहा वर्षांची असताना त्या घरी एक तरुण जर्मन संगीतकार आला आणि तिच्या छोट्याशा वाद्यावर त्याने असे काही वाजवले की मुलगी थक्क झाली. तो हँडेल होता. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात ज्याचे नाव अग्रभागी घेतले जाते, तो हा हँडेल पुढे आयुष्यभर तिचा स्नेही राहिला.

या बालपणातली एक लहानशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका फ्रेंच बाईंच्या शाळेत मेरी शिकत असताना ती फावल्या वेळात कात्रीने कागदाची फुले आणि पाखरे कापत असे. तिची एक वर्गमैत्रीण ती कापलेली फुले उचलून आपल्या झग्याला टाचून मिरवत असे. मुलींच्या शाळेतला हा पोरखेळ. त्याची नोंद तरी कोणी का ठेवावी? पण साठांहून अधिक वर्षांनी तीच कात्री त्याच हाताने पुन्हा उचलली जाणार होती.

१७१४ साली अॅन राणी वारली, नवे राजघराणे गादीवर आले आणि ग्रॅनव्हिल मंडळींचे दिवस फिरले. मेरीचे चुलते लॉर्ड लॅन्सडाउन हे राजकारणातले मोठे प्रस्थ. त्यांना लंडनच्या किल्ल्यात कैदेत पडावे लागले. दरबाराचे स्वप्न मोडले आणि सगळे कुटुंब ग्लॉस्टरशायरमधील एका खेड्यात जाऊन राहिले. चुलते सुटून आल्यावर त्यांनी सतरा वर्षांच्या पुतणीला आपल्या घरी बोलावून घेतले. तिथे त्यांचा एक राजकीय मित्र येत असे. अलेक्झांडर पेंडार्व्हस हे त्याचे नाव. वय साठीला टेकलेले, अंग सुटलेले, संधिवाताने पाय सुजलेले, मद्याची आवड भरपूर. कॉर्नवॉल भागात त्याच्या शब्दाला वजन होते आणि ते वजन आपल्या पारड्यात पडावे, अशी चुलत्यांची इच्छा होती. मेरीच्या आईवडिलांचा उदरनिर्वाह या चुलत्यांच्या मर्जीवर चालत असल्याने तिला नाही म्हणण्याची सोय नव्हती. फेब्रुवारी १७१८ मध्ये हे लग्न थाटामाटाने पार पडले. लग्नसमारंभाचा तो दिवस आपण बळी दिल्या जाणाऱ्या माणसासारखा घालवला, असे तिने पुढे आपल्या आठवणींत नमूद करून ठेवले आहे.

कॉर्नवॉलमधील रॉसक्रो नावाच्या पतीच्या जुनाट वाड्यात तिची रवानगी झाली. वाडा अंधारा, पडझड झालेला, पती संशयी. तो दुखण्याने अंथरुणाला खिळला की ती त्याच्या उशाशी बसून वाचून दाखवी. मोकळा वेळ मिळाला की समुद्रकिनारी जाऊन शंखशिंपले गोळा करी. सात वर्षे असा संसार झाल्यावर १७२५ साली लंडनमध्ये एका सकाळी ती जागी झाली, तेव्हा पती शेजारी मृतावस्थेत होता. आदल्याच संध्याकाळी त्याने तिच्या नावे मृत्युपत्रावर सही करण्याची गोष्ट काढली होती आणि ते काम उद्यावर ढकलले गेले होते. त्यामुळे मोठी इस्टेट दुसरीकडे गेली व तिच्या हाती वर्षाकाठी काही शे पौंडांचे उत्पन्न तेवढे राहिले.

परंतु इंग्लंडच्या तत्कालीन कायद्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. लग्नापूर्वी मुलगी वडिलांच्या ताब्यात, लग्नानंतर नवऱ्याच्या. स्वतःच्या पैशावर आणि स्वतःच्या पावलांवर हक्क असलेली बाई म्हणजे मुख्यतः विधवा. पंचविशीच्या आत-बाहेर असलेल्या मेरीला हे स्वातंत्र्य असे अवचित मिळाले आणि ते तिने सहजासहजी पुन्हा कोणाच्या हाती दिले नाही. मागण्या आल्या, एका उमरावाने तर आशा लावून नंतर पाठ फिरवली. पण ती जवळजवळ अठरा वर्षे एकटी राहिली. संगीत ऐकले, चित्रकला शिकली, भरतकाम केले, धाकट्या बहिणीला, अॅनला, लांबलचक पत्रे लिहिली. त्या पत्रांतून अठराव्या शतकातील इंग्लंडचे घरगुती जीवन इतके स्वच्छ दिसते की, इतिहासाच्या अभ्यासकांना ती आजही उपयोगी पडतात.

याच काळात तिने दरबारात नेसण्यासाठी स्वतः एका पोशाखाचा नमुना तयार केला. काळ्या रेशमावर बागेतली आणि रानातली खरीखुरी फुले भरतकामाने उतरवायची, अशी ती कल्पना होती. नेहमीची वेलबुट्टी नव्हे. तर फूल बघताच त्याचे नाव सांगता यावे, असे काम. त्या पोशाखाचे काही तुकडे अजून शिल्लक आहेत. काळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर जिवंत वाटणारे फूल, ही जोडी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

१७३१ मध्ये ती आयर्लंडला गेली. तिथे गलिव्हरच्या सफरींचा कर्ता जोनाथन स्विफ्ट याच्याशी तिची ओळख झाली आणि त्याचाच मित्र डॉ. पॅट्रिक डिलेनी हेही भेटले. डिलेनी हे विद्वान धर्मोपदेशक, स्वभावाने मोकळे, बागेचे वेडे. तेव्हा ते विवाहित होते. पुढे त्यांची पत्नी निवर्तली आणि १७४३ साली त्यांनी मेरीला मागणी घातली. तिचे वय त्रेचाळीस, त्यांचे साठीच्या घरात. घरच्यांना हे स्थळ पसंत नव्हते, कारण डिलेनी सामान्य कुळातले. भावाने तर मनापासून कधीच हा संबंध मान्य केला नाही. पण या वेळी निर्णय तिचा स्वतःचा होता. दोन्ही वेळा नवरामुलगा जवळपास साठीचाच होता. फरक एवढाच की, पहिल्या वेळी तिला दिले गेले आणि दुसऱ्या वेळी तिने वरले. माणसाचे सुख वयाच्या आकड्यात नसते, होकार कोणाचा यात असते, हे यावरून दिसून येते.

डब्लिनजवळच्या डेलव्हिल या घरी दोघांनी पंचवीस वर्षांचा संसार केला. तो संसार म्हणजे एक अखंड चाललेली हस्तकलेची शाळाच होती. डिलेनीबाई खुर्च्यांच्या गाद्यांवर भरतकाम करत, तैलचित्रे रंगवत, बागेची आखणी करत. शंखशिंपले जोडून फुले करण्यात तर त्यांचा हातखंडा होता. घरातल्या प्रार्थनामंदिराच्या छताला त्यांनी शिंपल्यांच्या फुलांच्या माळा बसवल्या. एकेक शिंपला म्हणजे एकेक पाकळी. पती शेजारी बसून वाचून दाखवत, कामाचे कौतुक करत. १७६८ च्या मे महिन्यात डॉ. डिलेनी वारले. बहीण अॅन त्याआधीच, १७६१ मध्ये गेली होती. अडुसष्ट वर्षांच्या डिलेनीबाईंना मूलबाळ नव्हते. ज्याला आपले काम दाखवायचे तो माणूस गेला आणि जिला लिहायचे ती बहीणही उरली नाही. इथे त्यांचे चरित्र संपले असते, तरी एक सुसंस्कृत, हौशी, कलासक्त बाई एवढीच त्यांची ओळख राहिली असती. कदाचित तेवढीही राहिली नसती.

याच सुमारास लंडनमध्ये एक गोष्ट घडत होती. तिचा डिलेनीबाईंच्या चरित्राशी उघड संबंध नाही, पण माझ्या लेखाशी तो फार जवळचा आहे. १७६८ मध्ये, म्हणजे डॉ. डिलेनी वारले त्याच वर्षी, इंग्लंडची रॉयल अॅकॅडमी ही कलासंस्था स्थापन झाली. संस्थापकांत दोन स्त्रियाही होत्या. पण लवकरच, १७७० च्या सुमारास, या संस्थेने आपल्या प्रदर्शनासाठी एक नियम केला. भरतकाम, कृत्रिम फुले, कागदकाम, शिंपल्यांचे काम आणि असल्या इतर किरकोळ वस्तू प्रदर्शनात घेतल्या जाणार नाहीत, असा तो नियम. ही यादी वाचताना मला वाटले, ही तर डिलेनीबाईंच्या आयुष्याचीच यादी आहे! सत्तर वर्षे त्यांनी जे जे केले, ते सगळे एका ओळीत कलेच्या दाराबाहेर ठेवले गेले होते.

पतीच्या निधनानंतर त्यांना आधार दिला तो त्यांच्या जुन्या मैत्रिणीने, पोर्टलंडच्या डचेसने. ही अत्यंत श्रीमंत बाई. बकिंगहॅमशायरमधील बुलस्ट्रोड येथे तिची मोठी जहागीर होती. तिला निसर्गाचे विलक्षण वेड होते. शंख, कीटक, पक्षी, खनिजे, वनस्पती यांचा तिचा संग्रह सबंध इंग्लंडमध्ये नावाजलेला होता. जॉन लाइटफूट हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिच्याकडे धर्मोपदेशक व ग्रंथपाल म्हणून होते. डॅनियल सोलँडर आणि जोसेफ बँक्स यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिथे येत-जात. बँक्स व सोलँडर हे कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून १७७१ मध्ये परतले होते. लिनियसने पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडण्याची जी पद्धत घालून दिली होती, तिची चर्चा या घरात जेवणाच्या टेबलावर चाले. डिलेनीबाई उन्हाळ्याचे महिने इथे काढत. विद्यापीठाचे दार त्या काळी स्त्रीला बंद होते. रॉयल सोसायटीने तर स्त्री सदस्य घेतल्या त्या १९४५ मध्ये. बुलस्ट्रोडचे ते टेबल हेच डिलेनीबाईंचे विद्यापीठ ठरले.

१७७२ साली एके दिवशी त्या आपल्या खोलीत बसल्या होत्या. समोर लाल जिरेनियमचे फूल होते आणि जवळच लाल कागदाचा तुकडा पडला होता. दोन्हींचा रंग तंतोतंत एक आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी कात्री घेतली आणि फुलाकडे पाहत पाहत एकेक पाकळी कापून ठेवली. इतक्यात डचेस खोलीत आली. टेबलावरच्या कागदी पाकळ्या तिला खऱ्याच वाटल्या आणि या जिरेनियमचे काय चालवले आहे, असे तिने विचारले. डिलेनीबाईंच्या मनात आले की, जिच्या नजरेखाली रोज शेकडो वनस्पती जातात तिलाच जर हे खरे वाटते, तर या मार्गाने पुढे जायला हरकत नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी भाचीला पत्राने कळवले की, फुलांची प्रतिकृती करण्याची एक नवी युक्ती आपल्याला सापडली आहे.

ती युक्ती अशी. एका जाड कागदाला काळा रंग द्यायचा. समोर जिवंत झाड ठेवायचे. मग रंगवलेल्या पातळ कागदातून पाकळ्या, पाने, देठ, केसर कापून ते त्या काळ्या कागदावर एकावर एक चिकटवत जायचे. छाया दाखवायची तर गडद तुकडा, प्रकाश दाखवायचा तर फिका. सगळे रंगवून काढले तर ते चित्र झाले असते. इथे रंगाची प्रत्येक छटा म्हणजे कात्रीने कापलेला वेगळा तुकडा. काही तुकडे केसाइतके बारीक. एका कृष्णकमळाच्या जातीच्या फुलात २३० हून अधिक तुकडे मोजलेले आहेत. कागद कुठून मिळेल याचा नेम नसे. चीनहून आलेल्या जहाजावरील कागद त्या घेत, भिंतींचे कागद रंगवणाऱ्यांकडचा रंग ओघळून वाया गेलेला कागदही घेत, कारण त्या ओघळातच एखाद्या पाकळीवरची नेमकी छटा सापडे. कधी खरे वाळलेले पानही कागदी पानांच्या जोडीला लावून दिलेले आहे. आणि खरे कोणते, कागदी कोणते, हे पाहणाऱ्याला चटकन सांगता येत नाही.

मातीचे फूल करणाऱ्याला या पद्धतीतले मर्म चटकन कळते. जास्वंद करायची म्हणून माती घेतली, तर आधी खरी जास्वंद हातात घेऊन तिची उलगड करावी लागते. पाकळ्या पाच, त्या एकमेकींवर कोणत्या बाजूने चढल्या आहेत? मधली दांडी म्हणजे पुंकेसरांची जुळून झालेली नळी; तिच्या आतून वर आलेल्या टोकाला पुन्हा पाच तांबडे ठिपके. पाकळीखाली निदलपुंज, त्याच्याही खाली बारीक हिरव्या पट्ट्यांची आणखी एक ओळ. ही जास्वंद आपण लहानपणापासून गणपतीला वाहत आलो; पण तिची घडण हाताला समजते ती करायला बसल्यावरच. नुसते पाहणे आणि करण्यासाठी पाहणे यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात डोळा फुलावरून घसरतो. दुसऱ्यात त्याला प्रत्येक वळणावर थांबावे लागते, कारण पुढचा तुकडा कापायचा असतो.

डिलेनीबाईंचे थांबणे साधेसुधे नव्हते. पुंकेसर किती, त्यांची मांडणी कशी, पानाच्या कडेला दाते आहेत की नाहीत, हे सगळे त्यांनी मोजून उतरवले. प्रत्येक पानावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव घातले. मागे तारीख, ठिकाण आणि झाड देणाऱ्याचे नाव लिहिले. त्यामुळे कोणती परदेशी वनस्पती इंग्लंडच्या कोणत्या बागेत केव्हा फुलली होती, याचीही ती एक नोंदवहीच बनली. जोसेफ बँक्स यांचे मत असे सांगितले जाते की, निसर्गाच्या ज्या प्रतिकृती त्यांनी पाहिल्या त्यांपैकी फक्त या कागदी फुलांवरूनच वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन बिनदिक्कत करता येईल. जगभरची झाडे प्रत्यक्ष पाहून आलेल्या शास्त्रज्ञाचे हे मत आहे. कलासंस्थेच्या नियमाने जे काम किरकोळ ठरवले होते, त्याला शास्त्राने असा मान दिला.

काम वाढत गेले तसे दूरदूरच्या बागांतून झाडे त्यांच्याकडे येऊ लागली. डॉ. फॉदरगिल यांच्या अप्टनच्या बागेतून, लॉर्ड ब्यूट यांच्याकडून, चेल्सीच्या औषधी उद्यानातून. तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट हे बुलस्ट्रोडला आले असता त्यांनी हे काम पाहिले आणि मग क्यूच्या राजोद्यानातूनही फुले रवाना होऊ लागली. डचेसच्या नावावरून ज्या वनस्पतीला पोर्टलंडिया हे नाव पडले, तिचेही चित्र त्यांनी केले. मैत्रिणीचे ऋण फेडण्याची याहून देखणी रीत कोणती असू शकेल? दहा वर्षांत ९८५ चित्रे म्हणजे वर्षाला जवळजवळ शंभर. सरासरीने चार दिवसांना एक. आणि फूल काही थांबत नाही! सकाळी उमललेले संध्याकाळी मान टाकते. म्हणजे बहात्तर ते ब्याऐंशी या वयात ही बाई घड्याळाशी नव्हे, पाकळीच्या आयुष्याशी शर्यत लावून काम करत होती.

इथे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. डिलेनीबाईंची गोष्ट सांगणारे बहुतेक जण तिचा बोध असा काढतात की, सुरुवात करायला कधीच उशीर झालेला नसतो. बोध चांगला आहे, पण मला तो अपुरा वाटतो. बहात्तराव्या वर्षी त्यांना एकाएकी काही साक्षात्कार झाला नाही. शाळेत कागद कापताना कात्री शिकली होती. कॉर्नवॉलच्या एकाकी किनाऱ्यावर बारीक आकार निरखण्याची सवय लागली होती. काळ्या रेशमावरच्या भरतकामाने पार्श्वभूमी शिकवली. शिंपल्यांच्या फुलांनी तुकड्यातुकड्याने पाकळी रचण्याची रीत दिली. बुलस्ट्रोडने शास्त्र दिले. ज्या ज्या गोष्टीला जग रिकामपणाचा उद्योग म्हणत होते, ती प्रत्येक गोष्ट त्या हातात साठत होती. १७७२ मध्ये दिसले ते फक्त फूल. मूळ साठ वर्षे खोल गेलेले होते.

पण या गोष्टीला एक दुखरी बाजूही आहे आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एवढी तीक्ष्ण नजर आणि एवढा नेमका हात असलेल्या बाईला तिचे खरे काम सापडायला बहात्तर वर्षे का लागावीत? सतराव्या वर्षी तिचे आयुष्य राजकारणाच्या सोयीसाठी वापरले गेले. शिक्षण मिळाले ते दरबार शोभवण्यापुरते. तिने जे केले त्याला व्यवसाय म्हणता येत नव्हते आणि विद्या म्हणायला कोणी तयार नव्हते. डिलेनीबाईंना दीर्घायुष्य लाभले, प्रेमळ पती लाभला, श्रीमंत मैत्रीण लाभली. म्हणून बाग फुलली. ज्यांना यांतले काही लाभले नाही, त्यांच्या हातची फुले कुठे गेली? रांगोळी पुसली जाते, गोधडी विरते, रुखवताची आरास दुसऱ्या दिवशी मोडली जाते. त्या कामांतही कोणाची तरी नजर अशीच थांबली असेल. तिची नोंद ठेवायला ब्रिटिश म्युझियम नव्हते.

१७८२ मध्ये डिलेनीबाईंची दृष्टी मंदावली. तुकडे दिसेनासे झाले तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली आणि निरोपाच्या काही काव्यपंक्ती लिहून काम थांबवले. हजार फुले पुरी करावीत अशी त्यांची इच्छा होती. पंधरा कमी पडली. तक्रारीचा सूर मात्र त्यांनी कधी काढला नाही. १७८५ मध्ये डचेस वारली आणि बुलस्ट्रोडचे दार मिटले. तेव्हा राजाने विंडसरला वाड्याजवळ एक घर त्यांना राहायला दिले आणि वर्षाला ३०० पौंडांची नेमणूक करून दिली. ती रक्कम सरकारी खात्यातून न देता राणी स्वतः एका पाकिटात घालून आणून देई, म्हणजे तिच्यातून कर कापला जाऊ नये. याच घरात कादंबरीकार फॅनी बर्नी त्यांच्याकडे येत असे आणि राजघराण्याशी तिची भेट झाली ती इथेच. १५ एप्रिल १७८८ रोजी, अठ्ठ्याऐंशीवे वर्ष पुरे होण्यास एक महिना उरला असताना, डिलेनीबाईंनी लंडनमध्ये देह ठेवला. पिकॅडिलीतील सेंट जेम्स चर्चमध्ये त्यांचे दफन झाले.

त्यांच्या चित्रांचे दहा खंड घराण्यात राहिले. भाचीच्या वंशातील लेडी लॅनोव्हर हिने १८६१-६२ मध्ये त्यांची आठवणी-पत्रे सहा भागांत प्रसिद्ध केली आणि तिच्या मृत्युपत्रानुसार १८९७ मध्ये हे दहा खंड ब्रिटिश म्युझियमकडे आले. अडीचशे वर्षांनंतरही त्या काळ्या कागदांवरचे रंग पाहणाऱ्याला थक्क करतात.

कृत्रिम फुलाचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर आता मला असे द्यावेसे वाटते. खऱ्या फुलाची जागा घेण्यासाठी ते करायचेच नसते. ती जागा त्याला कधी मिळणारही नाही; त्याला वास नाही, त्याच्यावर भुंगा येत नाही. ते करायचे असते खरे फूल नीट दिसावे म्हणून. जो कागदातून, मातीतून किंवा सुताच्या टाक्यांतून फूल घडवतो, तो त्या फुलापुढे विद्यार्थी होऊन बसतो. आपण कलाशाखेचे विद्यार्थी शब्दांनी शिकतो, पुस्तकांनी शिकतो. हातानेही शिकता येते ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमात कुठे लिहिलेली नाही. डिलेनीबाईंच्या अभ्यासक्रमातही ती नव्हती. त्यांनी समोर एक फूल ठेवले, कात्री घेतली, आणि पाकळ्या मोजायला सुरुवात केली.